दूरसंचार खातें : निरोपाच्या मार्गाचा राखणदार

विद्यार्थ्यांनो, नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत तुम्ही शासनाच्या निरनिराळ्या खात्यांचीं नांवें पाठ करितां. महसूल खातें शेतसारा गोळा करितें, बांधकाम खातें रस्ते व पूल बांधितें, शिक्षण खातें शाळांची व्यवस्था पाहतें, हें तुम्हांस सहज सांगतां येतें. परंतु ज्या खात्याशीं आपल्या घराचा दिवसांतून पन्नास वेळां संबंध येतो, त्याचें नांव विचारिल्यास वर्गांत फारच थोडे हात वर होतात. परगांवीं असलेल्या काकांचा आवाज ऐकूं आला, परीक्षेचा निकाल पडद्यावर दिसला, भाजीवाल्यास नाणें न देतां पैसे पोंचले, या प्रत्येक गोष्टीच्या मागें भारत सरकारचें दूरसंचार खातें उभें असतें. बोलणारे दोघे निराळेच असतात. त्या दोघांमधील मार्ग मात्र या खात्याच्या देखरेखीखालीं असतो. हा मार्ग कसा निर्माण झाला, त्याची मालकी कोणाची, त्याची राखण कोण करितो, आणि त्या राखणदारावर लक्ष कोणीं ठेवावयाचें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

१. टपालाचा धडा

दूरसंचाराची गोष्ट टपालापासून सुरू करणें योग्य होईल. १८५४ सालीं आपल्या देशांत टपालाचा नवा कायदा झाला, आणि अंतर कितीहि असो, पाव तोळ्यापर्यंत वजनाच्या पत्रास अर्धा आणा, असा एकच दर ठरला. तत्पूर्वीं अंतर वाढेल तसें हंशील वाढे. आतां पुण्याहून साताऱ्यास जाणारें पत्र व पुण्याहून कलकत्त्यास जाणारें पत्र एकाच मोलाचें झालें. वरवर पाहतां हा हिशेबाचा मामला वाटेल. परंतु त्यांत एक मोठें तत्त्व होतें. जवळच्यानें दूरच्याचा भार थोडासा उचलावा, म्हणजे दूरचा मनुष्य परका राहत नाहीं, हें तें तत्त्व. पुढें दूरध्वनि आला, मोबाइल आला, इंटरनेट आलें. प्रत्येक वेळीं याच तत्त्वाची कसोटी पुन्हां लागली.

२. तार व तारेचा कायदा

कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विल्यम ओ'शॉनेसी नांवाचे रसायनशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनीं १८३९ सालीं विजेच्या साहाय्यानें तारेवरून खुणा पाठविण्याचा प्रयोग केला. पुढें लॉर्ड डलहौसी यांच्या काळांत कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार १८५१ सालीं सुरू झाली, व थोड्याच वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं. १८५५ पासून सर्वसामान्य लोकांस तार करण्याची मुभा मिळाली. १८७० सालीं मुंबई समुद्रतळांतून टाकलेल्या तारेनें एडन व सुएझ यांस, व तेथून लंडनला जोडली गेली. आजहि परदेशाशीं होणारा आपला बहुतेक डिजिटल व्यवहार समुद्रतळाशीं असलेल्या तारांमधूनच चालतो, आणि त्यांतील पुष्कळशा तारा मुंबईच्या व चेन्नईच्या किनाऱ्यावरच वर येतात. मोबाइलमधील शब्द आकाशांतून उडत परदेशीं जातात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे.

१८५७ च्या उठावांत तारेचें सामर्थ्य राज्यकर्त्यांच्या चांगलेंच प्रत्ययास आलें. १८८५ सालीं तारेचा जो कायदा झाला, त्यांत दोन अधिकार सरकारनें आपल्या हातीं ठेविले. पहिला असा कीं, तार उभारण्याचा व चालविण्याचा हक्क केवळ सरकारचा. इतरांनीं तें काम करावयाचें तर सरकारी परवाना घ्यावा. दुसरा असा कीं, सार्वजनिक संकटाच्या प्रसंगीं सरकारास कोणाचाहि निरोप अडवितां अथवा वाचतां यावा. हे दोन अधिकार विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावे. कारण पुढील सर्व इतिहास त्यांच्याभोंवतींच फिरतो.

तारेनें सामान्य माणसाच्या घरांत मात्र धाकानेंच प्रवेश केला. तारवाला दारांत उभा राहिला, कीं कागद उघडण्यापूर्वींच बायकांच्या डोळ्यांस पाणी येई. कारण मरण अथवा भारी दुखणें याखेरीज तारेवर पैसे खर्च करणें गरिबास परवडत नसे. सुमारें १६० वर्षें चाललेली ही सेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली.

३. खेळाडू कोण, पंच कोण ?

१८८२ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें दूरध्वनीचीं केंद्रें उघडलीं, तीं सरकारनें नव्हेत, तर सरकारी परवाना घेतलेल्या खासगी कंपनीनें. या मोठ्या शहरांतील दूरध्वनि सरकारनें १९४३ सालीं ताब्यांत घेतले. १९४७ सालीं देश स्वतंत्र झाला, तेव्हां सबंध देशांत दूरध्वनीच्या जोडण्या सुमारें ८० हजार होत्या. अर्ज करून वर्षानुवर्षें वाट पाहावी, तेव्हां घरांत दूरध्वनि यावा, अशी स्थिति त्यानंतरहि कित्येक दशकें होती.

असें असलें तरी खातें स्वस्थ बसलें नव्हतें. १९६० सालीं लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान मधल्या माणसाच्या मदतीवांचून परगांवीं थेट दूरध्वनि करण्याची सोय झाली. १९७१ सालीं पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ आर्वी येथें उपग्रहाशीं बोलणारें भूकेंद्र उभें राहिलें, व परदेशाशीं उपग्रहामार्फत संभाषण होऊं लागलें. १९८४ सालीं स्थापन झालेल्या 'सी-डॉट' या सरकारी संशोधन संस्थेनें खेड्यांसाठीं लहानसें दूरध्वनि-केंद्र तयार केलें. परदेशी यंत्रांस थंड केलेली खोली लागे. आपल्या खेड्यांत तर धूळ, उकाडा व अनियमित वीज. तें सर्व सोसून चालेल असें हें १२८ जोडण्यांचें यंत्र होतें. १९८६ सालीं तें प्रथम राणी चन्नम्मेच्या कित्तूर गांवीं बसविण्यांत आलें. ज्यानें आपल्या गांवचा उन्हाळा पाहिला आहे, त्यानेंच आपल्या गांवचें यंत्र घडवावें, हा बोध या गोष्टींत आहे.

१९८५ सालीं टपाल व दूरसंचार हीं दोन खातीं वेगळीं झालीं. पुढल्याच वर्षीं मुंबई व दिल्ली येथील दूरध्वनि 'महानगर टेलिफोन निगम' या सरकारी कंपनीकडे गेले. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानें या क्षेत्राचें दार खासगी कंपन्यांस उघडलें. ३१ जुलै १९९५ रोजीं बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशीं मोबाइलवर संभाषण केलें; देशांतील तें पहिलें मोबाइल संभाषण होय. त्याच वर्षीं १५ ऑगस्टला सर्वसामान्य लोकांसाठीं इंटरनेट सुरू झालें. प्रारंभीं मोबाइलवर बोलणाऱ्याप्रमाणेंच ऐकणाऱ्यासहि पैसे मोजावे लागत! आज देशांतील जोडण्यांची संख्या १०० कोटींच्या पलीकडे गेली आहे.

आतां एक अडचण उत्पन्न झाली. क्रिकेटच्या सामन्यांत एका संघाचा कप्तानच पंच म्हणून उभा राहिला, तर दुसरा संघ तो निर्णय मानील काय ? दूरसंचार खातें स्वतः दूरध्वनि चालवीत होतें आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांस नियमहि तेंच घालून देत होतें. म्हणून १९९७ सालीं 'ट्राय' हें स्वतंत्र नियामक प्राधिकरण कायद्यानें स्थापन झालें. तंटे सोडविण्यासाठीं २००० सालीं वेगळें न्यायाधिकरण झालें. आणि त्याच वर्षीं १ ऑक्टोबरला खात्यानें आपली चालविण्याची सर्व जबाबदारी 'भारत संचार निगम' या सरकारी कंपनीकडे सोंपविली.

तेव्हांपासून कामाची वांटणी साधारणपणें अशी आहे. दूरसंचार खातें धोरण ठरवितें, परवानगी देतें व आकाशलहरी वांटून देतें. प्राधिकरण दरांवर व सेवेच्या गुणावर लक्ष ठेवितें, आणि खात्यास सल्ला देतें. संगणक, इंटरनेटवरील मजकूर व नागरिकांची खासगी माहिती यांसंबंधींचे कायदे इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आहेत. आकाशवाणी व दूरचित्रवाणी हे विषय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. थोडक्यांत, रस्ता एकाचा, रस्त्यावरील दुकानांचे नियम दुसऱ्याचे. तक्रार करावयाची तेव्हां योग्य दार ठोठावतां यावें, एवढ्यासाठीं तरी ही वांटणी समजून घ्यावी.

४. आकाशाची वांटणी

दोन वर्गांच्या मधली भिंत काढून टाकली आणि दोन्ही शिक्षक एकाच वेळीं मोठ्यानें शिकवूं लागले, तर काय होईल ? मुलांस ना गणित कळेल ना भूगोल. मोबाइल, नभोवाणी, विमानें, जहाजें, पोलीस, उपग्रह या सर्वांचे निरोप अदृश्य विद्युत्-चुंबकीय लहरींवरून जातात. एकाच जागीं दोघांनीं एकाच कंपनसंख्येची लहर वापरली, तर असाच गोंधळ माजतो. म्हणून लहरींचे पट्टे पाडून ज्याचा त्यास नेमून द्यावे लागतात. या लहरींच्या एकंदर विस्तारास स्पेक्ट्रम म्हणतात. त्याची वांटणी करणारी स्वतंत्र शाखा १९५२ पासून आहे. लहरींस देशाच्या सीमा ठाऊक नसतात. यास्तव राष्ट्राराष्ट्रांतहि करार करावे लागतात. १८६५ सालीं स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ तें काम पाहतो, व भारत १८६९ पासून त्याचा सभासद आहे.

लहरींच्या शांततेचें महत्त्व पाहावयाचें असेल, तर आर्वीच्याच परिसरांत खोडद येथें जावें. तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी तिला ऐकावयाच्या असतात. म्हणून जेथें माणसानें निर्माण केलेल्या लहरींचा गोंगाट कमी, अशी जागा तिच्यासाठीं निवडण्यांत आली.

या लहरींचा मालक कोण ? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तो क्रिकेटच्याच निमित्तानें. सामन्यांचें चित्रण कोणीं प्रक्षेपित करावें, यावर बंगालच्या क्रिकेट संघटनेचा व सरकारचा वाद झाला. १९९५ च्या त्या खटल्यांत न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांनीं लिहिलेल्या निकालपत्रानें असें ठरविलें, कीं आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, आणि तिचा उपयोग जनतेच्या हितासाठींच झाला पाहिजे. म्हणजे खातें हें मालक नव्हे, विश्वस्त होय. विश्वस्तानें माल वांटतांना चोख हिशेब द्यावा, हें ओघानेंच आलें. २००८ सालीं 'प्रथम येईल त्यास प्रथम' या पद्धतीनें वांटलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१२ मध्यें रद्द केले, कारण ती वांटणी न्यायालयास मनमानीची दिसली. त्याच प्रकरणांतील फौजदारी खटल्यांत २०१७ सालीं सर्व आरोपी निर्दोष सुटले, हेंहि सांगणें न्यायाचें होईल. गुन्हा सिद्ध न होतांहि कारभार सदोष असूं शकतो, हा त्यांतील धडा आहे. २०२३ च्या नव्या कायद्यानें लहरींचें वांटप सामान्यतः लिलावानेंच व्हावें, असें ठरविलें असून, संरक्षण, हवामान, उपग्रह इत्यादि कांहीं ठराविक कामांसच त्यांतून सूट दिली आहे.

५. शेवटच्या गांवापर्यंत

अर्ध्या आण्याच्या पत्राचें तत्त्व आठवा. कंपनीस शहरांत मनोरा उभारणें फायद्याचें असतें. डोंगरांतील वीस घरांच्या वाडीसाठीं मनोरा उभारिला, तर खर्चहि निघत नाहीं. मग त्या वाडीनें मुकेंच राहावें काय ? यासाठीं २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नाचा कांहीं भाग एका निधीसाठीं घेण्यांत येऊं लागला, व तो मागासलेल्या भागांतील सोयींवर खर्च व्हावा असें ठरलें. २०२३ च्या कायद्यानें त्यास 'डिजिटल भारत निधि' हें नांव मिळालें. याच निधींतून सुमारें अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत कांचेच्या तंतूंची तार नेण्याची योजना २०११ सालीं मंजूर झाली. तिचें आजचें नांव 'भारतनेट'. दोन लाखांहून अधिक पंचायतींपर्यंत ती तार पोंचली आहे. परंतु तार पंचायतीच्या भिंतीपर्यंत येणें ही एक गोष्ट, आणि तिच्यावर शाळेचा पाठ नित्य चालणें ही दुसरी. आपल्या गांवची तार चालू आहे कीं नाहीं, हें ग्रामसभेंत विचारणें हा प्रत्येक पालकाचा अधिकार आहे.

मार्ग पोंचला, तरी तो सर्वांस सारखा हवा. पैसेवाल्या दुकानदाराचें पान झटकन उघडावें आणि लहानशा वाचनालयाचें पान रखडत राहावें, अशी सोय कंपनीनें करावी काय ? २०१६ सालीं प्राधिकरणानें अशा भेदभावाच्या दरांस मनाई केली, व २०१८ सालीं खात्यानेंहि समतेचें हें तत्त्व मान्य केलें. त्यावेळीं लाखों नागरिकांनीं आपलीं मतें लिहून कळविलीं होतीं, हें विशेष.

६. राखणदारावर राखण

आतां १८८५ च्या कायद्यांतील दुसऱ्या अधिकाराकडे वळूं. निरोप अडविण्याचा व ऐकण्याचा तो अधिकार नव्या कायद्यांतहि कायम आहे. देशावर हल्ला करूं पाहणाऱ्यांस गुप्तपणें कट शिजवूं देणें कोणत्याहि शासनास परवडणार नाहीं, हें खरें. तथापि ज्याच्या हातीं सर्वांचीं दारें उघडण्याची किल्ली आहे, त्याच्या प्रामाणिकपणावरच केवळ भिस्त ठेवणें शहाणपणाचें नव्हे. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं दूरध्वनीवरील संभाषण हा माणसाच्या खासगी जीवनाचा भाग आहे. तें ऐकावयाचें तर गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानें लेखी आदेश द्यावा, त्यास मुदत असावी, व एका समितीनें त्याची फेरतपासणी करावी. २०१७ सालीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला.

इंटरनेट बंद करण्याचा अधिकार तर सबंध जिल्ह्यास स्पर्श करितो. सप्टेंबर २०२१ मध्यें शिक्षकभरतीच्या पात्रता-परीक्षेंत लबाडी होऊं नये म्हणून राजस्थानांत अनेक जिल्ह्यांत मोबाइलवरील इंटरनेट बंद ठेवण्यांत आलें होतें. थोड्यांची चोरी थांबविण्यासाठीं सर्वांची वाट अडविणें कितपत योग्य, याचा विचार विद्यार्थ्यांनींच करावा. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, कीं असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, व बेमुदत बंदी चालणार नाहीं. २०२४ च्या नियमांप्रमाणें एका आदेशानें १५ दिवसांहून अधिक काळ सेवा बंद ठेवितां येत नाहीं.

लोकमताचा अंकुश किती उपयोगी पडतो, याचें एक अगदीं अलीकडचें उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्यें खात्यानें प्रत्येक नव्या मोबाइलमध्यें 'संचार साथी' हें सरकारी साधन आधींच बसविण्याचा आदेश काढला. हेतु चोरी व फसवणूक रोखण्याचा होता. परंतु खासगीपणाविषयीं शंका घेतल्या गेल्या, व थोड्याच दिवसांत ती सक्ति मागें घेण्यांत आली. साधन चांगलें असलें, तरी तें स्वेच्छेनें स्वीकारलेलें बरें.

७. आपलें कर्तव्य

तें साधन मात्र उपयुक्त आहे, आणि पालकांनीं त्याची माहिती अवश्य करून घ्यावी. आपल्या नांवावर किती सिम कार्डें आहेत, हें त्यांत पाहतां येतें; आपलें नसलेलें कार्ड आढळल्यास कळवितां येतें; हरवलेला मोबाइल देशभर बंद करवितां येतो. त्यासाठीं मोबाइलचा १५ अंकी ओळखक्रमांक लागतो. अंकफलकावर तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट अशीं बटनें क्रमानें दाबलीं असतां तो पडद्यावर दिसतो. प्रत्येक घरानें तो वहींत लिहून ठेवावा. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न लावितां १९३० या क्रमांकावर कळवावें.

कोणीं पोलिसाच्या वेषांत पडद्यावर येऊन, "तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे, खोलीबाहेर जाऊं नका, पैसे पाठवा," असें दरडावल्यास तो लबाड समजावा, अशी अटक कोणत्याहि कायद्यांत नाहीं. विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट घरीं आजी-आजोबांस समजावून सांगावी. कारण ज्यांनीं तारेचा धाक अनुभवला, त्यांस अशा आवाजाचा धाकहि लवकर वाटतो.

आणखी एक. मित्रानें गळ घातली म्हणून अथवा पांचशें रुपयांच्या लोभानें आपल्या नांवावर दुसऱ्यास सिम कार्ड घेऊन देऊं नये. त्या कार्डावरून झालेल्या लबाडीचा माग प्रथम आपल्याच दारीं येतो. फसवणुकीनें अथवा दुसऱ्याचें सोंग घेऊन कार्ड मिळविणारास नव्या कायद्यानें तीन वर्षांपर्यंत कैद अथवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

सारांश, निरोप दोघांचा असतो, परंतु मार्ग सर्वांचा असतो. मार्ग शेवटच्या वाडीपर्यंत न्यावा, आकाशलहरी निःपक्षपातानें वांटाव्या, आणि कोणाच्या खासगी बोलण्यास आवश्यकतेवांचून कान लावूं नये, या तीन गोष्टींवरून राखणदाराची परीक्षा करावी. परंतु परीक्षा घेणाराहि तयारीचा हवा. जो नागरिक आपल्या नांवाचें कार्ड परक्याच्या हातीं देत नाहीं, खोटी वार्ता पुढें ढकलीत नाहीं, आणि ग्रामसभेंत उभा राहून "आमच्या शाळेंतील तार कां बंद आहे ?" असें विचारण्यास कचरत नाहीं, तोच या मार्गाचा खरा धनी होय.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. १८५४ चा टपालाचा दर व 'डिजिटल भारत निधि' यांत समान तत्त्व कोणतें ?
२. दूरसंचार खातें व नियामक प्राधिकरण यांचीं कामें वेगळीं कां करावीं लागलीं ?
३. आकाशलहरींच्या बाबतींत 'मालक' व 'विश्वस्त' या शब्दांतील भेद उदाहरणानें स्पष्ट करा.
४. परीक्षेच्या दिवशीं इंटरनेट बंद ठेवावें कीं नाहीं, यावर दोन्ही बाजूंनीं दहा-दहा ओळी लिहा.
५. आपल्या घरांतील प्रत्येक मोबाइलचा ओळखक्रमांक पालकांच्या साहाय्यानें शोधून त्यांच्याच वहींत नोंदवून ठेवा. तो इतर कोणास सांगूं नका.